उभ्या गाडीचे माप, दबलेल्या गाडीचे माप
चाक आणि रस्ता : लेखांक सहावा

गाडी खाली घेतली, आता चाक बाहेर किती काढायचे? मागच्या लेखांकात स्प्रिंग आणि शॉकअपचा विचार झाला, त्याच्या पुढची पायरी ही. रुंद मॅग व्हील, कमी ऑफसेट आणि मडगार्डच्या कडेशी एका रेषेत आलेला टायर, हे रूप नांदेड-लातूरच्या तरुण गाडीवाल्यांना खुणावते आणि त्यात गैर काही नाही. भरदार चाकावर नीट बसलेली गाडी देखणी दिसतेच. अडचण मापाची आहे. रिम किती रुंद, ऑफसेट किती, टायर कोणता, हे सगळे आकडे दुकानासमोर रिकाम्या, उभ्या गाडीवर ठरवले जातात. मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटे जागा दिसली की काम झाले असे मानतात. माझे म्हणणे एवढेच, की ही निवड स्प्रिंग पूर्ण दबलेली, स्टिअरिंग पूर्ण वळलेले आणि पाच माणसे बसलेली आहेत असे धरून करावी. त्या स्थितीत जे चाक मोकळे फिरते, तेच आपल्या भागात चालणारे सर्वांत आक्रमक चाक. त्याच्या पुढचा प्रत्येक मिलिमीटर टायर, पत्रा किंवा बेअरिंग यांपैकी कुणीतरी झिजून भरून देत असतो.

यासाठी आधी रस्ता पाहू, कारण चाक मडगार्डच्या आत किती वर जाते हे रस्ता ठरवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची असते आणि ताशी २५ किलोमीटरने तो ओलांडता यावा अशी त्याची रचना आहे. स्विफ्टच्या दोन चाकांतले अंतर २४५० मिलिमीटर. एवढी लांबी या गोलाईवर ठेवली, तर गतिरोधकाचा माथा दोन्ही चाकांच्या रेषेच्या वर येतो फक्त ४४ मिलिमीटर. म्हणजे १६३ मिलिमीटरचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स असलेली ही गाडी ६० मिलिमीटर खाली घेतली, तरी मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर पोट घासायचे कारण नाही. आता महामार्ग सोडून गावाकडे वळा. शाळेसमोर, वस्तीच्या तोंडाशी, भरधाव वाहनांना कंटाळलेल्या लोकांनी स्वतःच सिमेंट-खडीचा उंचवटा घातलेला असतो. समजा तो १५ सेंटीमीटर उंच आणि जेमतेम ६० सेंटीमीटर रुंद आहे. गाडीची दोन्ही चाके त्याच्या अलीकडे-पलीकडे सपाटीवर असताना पूर्ण १५ सेंटीमीटर पोटाखाली येतात. तिथे कंपनीची गाडीही पाच माणसांसह घासते, खाली घेतलेल्या गाडीचे तर विचारायलाच नको.

पोट घासणे सगळ्यांना दिसते. चाकाच्या निवडीशी ज्याचा थेट संबंध आहे, ते मात्र डोळ्याआड घडते. ताशी २० किलोमीटर वेगाने मानकातल्या गतिरोधकावर चढताना चाकाला १० सेंटीमीटर वर जायला सेकंदाचा सुमारे तिसरा भाग मिळतो. तेवढ्या वेळात गाडीचे धूडही चाकाबरोबर बऱ्यापैकी उचलले जाते. गावच्या उंचवट्यावर त्याच वेगाने १५ सेंटीमीटर चढायला मिळतो सेकंदाचा अठरावा भाग. एवढ्यात धूड हलत नाही, उचलले जाते ते चाक, आणि ते थेट मडगार्डच्या पोकळीत शिरते. टायर थोडा दबून काही भार घेतो, बाकीचा सगळा प्रवास आर्चच्या आत होतो. दुकानासमोर मोजलेली दोन बोटे इथे संपतात.

गतिरोधकांइतकीच महत्त्वाची आहे ती आपली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचे डांबर त्या हालचालीने लाटांसारखे वरखाली होते आणि रस्त्याच्या कडा तुटत जातात. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ एक वेळ सोडून द्या. आतल्या रस्त्यांवर उसाच्या हंगामात समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला, की आपली गाडी साइडपट्टीवर उतरते. परत वर चढताना डांबराची तुटकी कड पुढच्या चाकाला तिरकी लागते, स्टिअरिंग वळलेले असते आणि त्याच क्षणी स्प्रिंगही दबते. चाकासाठी सर्वांत अवघड स्थिती हीच. तुळजापूरला किंवा माहूरला निघालेल्या कुटुंबाचे वजन मागच्या स्प्रिंगांना आधीच तीन-चार सेंटीमीटर खाली घेऊन बसलेले असते, ते वेगळेच.

आता ऑफसेटचे गणित. चाक हबवर जिथे टेकते ती पातळी आणि रिमची मध्यरेषा यांतले मिलिमीटरमधले अंतर म्हणजे ऑफसेट. तो जितका कमी, तितके चाक बाहेर. समजा कंपनीची रिम साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४० आहे. साडेपाच इंच म्हणजे १४० मिलिमीटर, त्याचे निम्मे ७०. त्यातून ४० वजा केले तर हबच्या पातळीपासून रिमची कड ३० मिलिमीटर बाहेर, आणि ७० मध्ये ४० मिळवले तर आतली कड ११० मिलिमीटर आत. तिच्या जागी सात इंची, ३५ ऑफसेटची रिम घेतली, की हेच आकडे ५४ आणि १२४ होतात. चाक बाहेर २४ मिलिमीटर सरकले आणि आत शॉकअपच्या बाजूलाही १४ मिलिमीटर सरकले. दुकानात फक्त पहिला आकडा बोलला जातो. ऑफसेट २० वर आणला, तर आतली बाजू जवळपास मूळच्या जागी राहते, पण बाहेरची कड ३९ मिलिमीटर पुढे येते. स्टिअरिंग ज्या अक्षाभोवती वळते तो टायरच्या मध्यापासून २० मिलिमीटर दूर जातो. परिणाम असा, की डावे चाक खड्ड्यात गेले की स्टिअरिंग हाताला झटका देते आणि हबच्या बेअरिंगवर कायमचा वाढीव पीळ बसतो.

मग मोजायचे कसे? गाडी भक्कम स्टँडवर घ्या. स्प्रिंग काढून शॉकअप बंप स्टॉपसह परत बसवा आणि हब जॅकने वर न्या. बंप स्टॉप निम्म्याच्या पुढे दबेपर्यंत वर नेले, की रस्त्यावरची सर्वांत वाईट स्थिती डोळ्यांसमोर येते. मग जुनेच चाक लावून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. आर्चच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडला, की टायरच्या खांद्यापासून कड किती लांब आहे ते थेट मोजता येते. आत शॉकअपपासूनचे अंतरही मोजा. बोटांनी आर्चच्या आतली कड चाचपून पाहा. पत्रा तिथे काटकोनात आत दुमडलेला असतो, सेंटीमीटरभर रुंद, आणि त्याची धार उघडी असते. चाक खूप बाहेर काढलेल्या गाडीत टायरच्या खांद्यावर एक बारीक चकाकती रेघ दिसते आणि या पत्र्यावरचा रंग उडून तांबूस गंज धरलेला असतो. ती रेघ खोल होत गेली की एक दिवस टायर तिथेच कापतो. कड रोलरने आत दाबून घेणे हा उपाय आहे, पण पत्रा गरम न करता दाबला तर बाहेरचा रंग तडकतो.

यावर जाणकारांचे पहिले उत्तर असते, कॅम्बर द्या आणि टायर ताणून बसवा. उत्तर निराधार नाही. चाक चार अंश आत झुकवले, तर साधारण ३१० मिलिमीटर त्रिज्येच्या टायरचा माथा आत जातो २१ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दोन सेंटीमीटर जागा खरोखरच मिळते. पण स्विफ्ट, आय-ट्वेंटी, पोलो या गाड्यांना मागे टॉर्शन बीम आहे आणि तिथे कॅम्बर बदलायची सोयच नसते. मध्ये शिम घालावे लागतात. शिवाय चार अंशांवर टायर रस्त्याला टेकतो तो मुख्यतः आतल्या कडेने. पावसात ब्रेक दाबताना नेमके जे हवे, तेच क्षेत्र आपण कमी केलेले असते, आणि आतली कड गुळगुळीत झाली तरी बाहेरून टायर नवा दिसतो. ताणलेल्या टायरबद्दल मी अधिक ठाम आहे. १९५/४५ आर १६ या टायरसाठी साडेसात इंचापर्यंतची रिम मान्य आहे, त्याच्या पलीकडे आठ-नऊ इंचावर तो बसवला जातो तेव्हा टायरची कड रिमला धरून ठेवायची ताकद गमावते. रिमचा ओठही टायरच्या बाहेर येतो. तुटक्या डांबराच्या कडेवर चढताना पहिला आघात मग रबरावर होत नाही, ॲल्युमिनियमवर होतो. पोलादी डिस्क वाकते आणि ठोकून सरळ करता येते, ओतीव अलॉयला तडा जातो. तो वेल्ड करून चालवणे हा जिवाशी खेळ आहे.

दुसरा आक्षेप असा, की स्प्रिंग कडक घेतली की चाक दबतच नाही, मग दबलेल्या मापाची गरज काय? खाली घेतलेल्या गाडीला कडक स्प्रिंग लागते हे खरेच, कारण उरलेला प्रवास कमी असतो. पण उंचवटा तेवढाच राहतो. चाक वर गेले नाही तर तो धक्का धुडात जातो आणि स्ट्रटची टोपी, बुश, लिंक रॉड हे भाग लवकर जातात. ग्राइंडरने किंवा गॅसने स्प्रिंगचे वेढे कापणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. गॅसच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते, टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लटकले की स्प्रिंग जागेवरून सरकते.

तिसरा आक्षेप आवडीचा आहे. जपान-जर्मनीत चालते, मग आपल्याकडेच एवढी काळजी का? तिथे काय चालते ते नीट पाहिले तर आक्षेपातूनच उत्तर मिळते. गाडी जमिनीला टेकवायची ही आवड जपानमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकांत रुजली, पण तिथल्या तपासणीत जमिनीपासून ९ सेंटीमीटर अंतर लागतेच. टायर मडगार्डच्या बाहेर येण्याला २०१७ मध्ये सूट मिळाली ती १० मिलिमीटरच्या आतली, आणि फक्त टायरच्या रबराला. युरोपात चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायर मडगार्डखाली झाकलेला असावा लागतो, आणि जर्मनीत असा बदल तपासून गाडीच्या कागदांवर चढवावा लागतो. छायाचित्रांत दिसणाऱ्या टोकाच्या गाड्या बहुधा प्रदर्शनाच्या असतात. त्यांचे आकडे उचलून अहमदपूरच्या आतल्या रस्त्यावर आणण्यात अर्थ नाही.

आपला कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ (४) नुसार अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनी जो टायर देते, तिथून सुरुवात करणे शहाणपणाचे. मोठ्या बदलाआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही लेखी विचारावे.

१८५/६५ आर १५ वर चालणारी हॅचबॅक समोर ठेवली, तर माझी निवड अशी. गाडी २५ ते ३० मिलिमीटरच खाली, तीही जोडीच्या स्प्रिंग-शॉकअपने. टायर १९५/५५ आर १६. याचा व्यास ६२१ मिलिमीटर, मूळचाही तेवढाच, त्यामुळे स्पीडोमीटर खोटे बोलत नाही. साइडवॉल १०७ मिलिमीटर उरते. १७ इंची रिमवर २०५/४५ घेतला तर ती ९२ वर येते आणि मूळच्या १२० च्या तुलनेत हा फरक पहिल्याच खोल खड्ड्यात कळतो. टायरवर लिहिलेला भारांकही पाहावा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५, तर १९५/४५ आर १६ वर बहुतेकदा ८० असतो, म्हणजे ४५०. चार टायरांची बेरीज पुरेशी वाटेल, पण ब्रेक लावून वळताना भरलेल्या गाडीचा भार चारही टायरांवर समान नसतो. रिम साडेसहा इंची, ऑफसेट ३८. आधीच्याच गणिताने चाक बाहेर सुमारे १५ मिलिमीटर येते आणि आत ११ सरकते. गाडी खाली गेल्याने आर्चची पोकळी भरलेली आणि चाक कडेशी आलेले, अशा दोन्ही गोष्टी डोळ्याला मिळतात. दबलेल्या मापात आणखी जागा निघाली तर ऑफसेट खुशाल ३५ करा. निघाली नाही, तर हाच आकडा शेवटचा समजा.

खरेदी करताना रिमच्या मागच्या बाजूला ओतलेली अक्षरे वाचा. रुंदी, ऑफसेट आणि कमाल भार तिथेच असतात. जपानी रिमवर जेडब्ल्यूएल ही खूण उत्पादक स्वतः लावतो, व्हीआयए ही तिसऱ्या संस्थेच्या तपासणीची, म्हणून दुसरी अधिक मोलाची. स्विफ्टच्या हबचा मध्य ५४.१ मिलिमीटरचा आहे आणि बाजारातल्या अनेक रिमचे भोक त्याहून मोठे असते, तेव्हा मापाची हब रिंग घेतलीच पाहिजे. नटांचा शंकूही रिमच्या बैठकीशी जुळायला हवा. चाके बसल्यावर पाच माणसे घेऊन पन्नासेक किलोमीटर फिरा, नट पुन्हा आवळा आणि टॉर्च लावून आर्चमधला लाइनर पाहा. घासल्याची खूण असेल तर ती त्याच दिवशी दिसते. पुढच्या लेखांकात याच कमी साइडवॉलच्या टायरमध्ये मे महिन्याच्या उन्हात, सिमेंटच्या रस्त्यावर हवा किती ठेवायची, याचा हिशेब मांडू.