अक्षरमाला-स्थान फलन

अक्षरमाला-स्थान फलन : एका अक्षरमालेत दुसरी अक्षरमाला प्रथम कोणत्या स्थानापासून आढळते, हे संख्येच्या रूपाने सांगणारे संगणकीय फलन. अक्षरे, अंक, विरामचिन्हे व मोकळ्या जागा यांच्या क्रमबद्ध मांडणीला अक्षरमाला किंवा स्ट्रिंग म्हणतात. उदा., ‘आराम’ या मालेत ‘राम’ ही माला दुसऱ्या स्थानापासून सुरू होते, म्हणून फलनाचे मूल्य २ येते. शोधलेली माला न आढळल्यास मूल्य ० येते. प्रस्तुत नोंदीत जँगो या वेब चौकटीच्या डेटाबेस-स्तरात या फलनाची भर कशी पडली आणि निरनिराळ्या डेटाबेसांत त्याचा अर्थ कितपत समान राहतो, याचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी : जँगो ही पायथन भाषेत लिहिलेली चौकट अमेरिकेच्या कॅन्झस राज्यातील लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या वेब विभागात २००३ पासून विकसित झाली. एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन हे तिचे आद्य निर्माते होत. जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. आज्ञावलीकाराने डेटाबेसाची एसक्यूएल भाषा स्वतः न लिहिता पायथनमध्ये मागणी मांडावी आणि चौकटीने तिचे एसक्यूएलमध्ये रूपांतर करावे, अशी तिची योजना आहे. म्हणजे डेटाबेस-स्तर हा एक प्रकारचा दुभाषी असतो. एप्रिल २०१५ मधील १·८ या आवृत्तीत डेटाबेसाची फलने वापरण्यासाठी सर्वसामान्य वर्ग तयार झाला. मालेची लांबी मोजणे, तिचा भाग वेगळा काढणे इ. क्रिया त्यामुळे शक्य झाल्या. स्थान शोधणारे ‘स्ट्रइंडेक्स’ हे फलन २ डिसेंबर २०१७ रोजी प्रसिद्ध झालेल्या २·० या आवृत्तीत आले.

रचना : त्या वेळी चौकटीला चार डेटाबेसांचा अधिकृत आधार होता. त्यांपैकी मायएसक्यूएल, एसक्यूलाइट व ओरॅकल यांत ‘इन्स्ट्र’ या नावाचे फलन होते, तर पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तेच काम ‘स्ट्रपॉस’ करते. दोहोंत मूळ माला प्रथम व शोधावयाची माला नंतर द्यावी लागते. त्यामुळे ‘इन्स्ट्र’ हे नाव सर्वसाधारण मानून पोस्टग्रेएसक्यूएलपुरता अपवाद केला, की मोजक्या ओळींत काम भागते. मायएसक्यूएलमधील ‘लोकेट’ या फलनात मात्र हा क्रम उलटा आहे. नावांप्रमाणेच क्रमाकडेही लक्ष द्यावे लागते, ते यासाठी. या फलनात नुसता मजकूर दिल्यास चौकट त्याला स्तंभाचे नाव समजते. म्हणून शोधावयाचा शब्द ‘व्हॅल्यू’ या आवरणात द्यावा लागतो. तो शब्द एसक्यूएल वाक्यात न मिसळता वेगळा पाठविला जातो. साहजिकच वापरणाऱ्याने टंकलिखित केलेला मजकूर आज्ञा म्हणून अंमलात येण्याचा धोका टळतो.

उपयोग : मूल्य शून्याहून अधिक असलेल्या ओळी निवडणे, शब्द आरंभी असलेल्या नोंदी आधी दाखविणे, किंवा ई-मेल पत्त्यातील ॲट या चिन्हाचे स्थान काढून त्यापुढील भाग वेगळा करणे, ही कामे या फलनाने होतात. शोध डेटाबेसातच होत असल्याने लक्षावधी ओळी आज्ञावलीकडे वाहून आणाव्या लागत नाहीत. परंतु स्तंभावरील साध्या अनुक्रमणिकेचा या शोधाला उपयोग होत नाही. प्रत्येक ओळ तपासावी लागते. मोठ्या संग्रहासाठी पूर्ण-मजकूर शोधाची स्वतंत्र व्यवस्था करणे इष्ट ठरते.

अर्थातील भेद : नाव एक केले, तरी वर्तन पूर्णपणे एक होत नाही. पायथनमध्ये स्थाने ० पासून मोजतात व माला न आढळल्यास ‘फाइंड’ ही क्रिया उणे १ हे मूल्य देते; डेटाबेसात मोजणी १ पासून असते. स्तंभात मूल्यच नसेल, तर उत्तर ० न येता ‘नल’ म्हणजे मूल्याचा अभाव असे येते. रिकामी माला शोधल्यास इतर तीन डेटाबेसांत १ मिळतो. ओरॅकल रिकाम्या मालेलाच नल मानीत असल्याने तेथे नल मिळते. मायएसक्यूएलमध्ये रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे भिन्न मानावयाची की नाहीत, हे कोष्टकाच्या तुलना-नियमावर अवलंबून असते आणि सामान्यतः ती एकच मानली जातात. पोस्टग्रेएसक्यूएल व एसक्यूलाइट यांची ही फलने सामान्यतः त्यांत भेद करतात. त्यामुळे विकासाच्या वेळी एसक्यूलाइट व प्रत्यक्ष वापरात मायएसक्यूएल असल्यास एकाच मागणीची उत्तरे वेगळी येऊ शकतात, आणि चूक झाल्याची सूचना कोठेही मिळत नाही.

देवनागरी मजकूर : देवनागरीत हा प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात वाचकाला म, हा, रा व ष्ट्र अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र काना व हलन्त ही चिन्हे स्वतंत्र धरून दहा संकेत होतात. ‘राष्ट्र’चे स्थान वाचकाच्या मोजणीने ३, संकेतांच्या मोजणीने ४ येते. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी संकेताला तीन बाइट लागत असल्याने बाइटांच्या मोजणीने तेच स्थान १० होते. मजकुरावर ही फलने सामान्यतः संकेत मोजतात. म्हणूनच ‘की’ या शब्दात ‘क’ शोधल्यास तो आढळतो, जरी वाचकाच्या दृष्टीने ते अक्षर निराळे असले. ‘दुसऱ्या’ या शब्दातील रफार ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताने, र व नुक्ता यांच्या जोडीने, किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांच्या क्रमाने लिहिता येतो. पडद्यावर शब्द सारखाच दिसतो. पण साठविताना एक व शोधताना दुसरी पद्धत वापरली असल्यास उत्तर ० येऊ शकते. पहिल्या दोन पद्धती युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एकरूप होतात; तिसरी मात्र तशी होत नाही, तिच्यासाठी वेगळा नियम करावा लागतो. मतदारयादी, ग्रंथालयाची सूची किंवा जमिनीच्या नोंदी यांत असे ० म्हणजे अस्तित्वात असलेली व्यक्ती, ग्रंथ वा जमीन ‘नाही’ असे सांगणे होय. यास्तव मजकूर साठविण्यापूर्वी व शोधण्यापूर्वी एकाच प्रमाण रूपात आणणे आणि ज्या डेटाबेसावर प्रत्यक्ष काम चालणार त्यावरच फलनाची चाचणी घेणे आवश्यक असते.