फत्तेखेर्डा नव्हे, साखरखेर्डा

सिंदखेड राजा तालुक्यातले साखरखेर्डा हे कापूस, सोयाबीन, तूर पिकवणाऱ्यांचे गाव. पळसिद्ध स्वामींच्या मठामुळे भाविकांना ते ठाऊक आहे. पण शाळेतल्या पोरांना लढाई कुठे झाली म्हणून विचारा, ती पानिपत सांगतील. घरच्या शिवाराचे नाव निघायचे नाही.

११ ऑक्टोबर १७२४. पिके शेतात उभी असण्याचे दिवस. निजामुल्मुल्काला दक्षिणेतून हटवावे म्हणून दिल्लीच्या बादशहाने हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याला आतून फूस दिली होती. दोघांची गाठ इथे पडली. मुबारिजखान मारला गेला. निजामाने त्याचे शीर दिल्लीला धाडले, जणू बादशहाच्या शत्रूचाच बंदोबस्त केला! बादशहा काय समजायचे ते समजला. १७२५ मध्ये त्याने निजामाला ‘आसफजाह’ हा किताब दिला. सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकलेल्या हैदराबादच्या राज्याचा पाया पडला तो असा, आपल्या वऱ्हाडच्या मातीत.

जिंकणाऱ्याने गावाला नवे नाव दिले, फत्तेखेर्डा. दफ्तरात ते चढलेही. पण गावकऱ्यांनी ते काही तोंडी बसू दिले नाही. आजही एस. टी.त बसताना माणूस साखरखेर्ड्याचेच तिकीट मागतो.