दोन होड्यांची सांगड

आपल्या नरखेड तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. पैलतीराला वरुड तालुका. त्या तालुक्यात झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच नदीत नाव उलटली आणि ११ माणसे बुडाली. तेव्हा नाव उलटते कशी, आणि सहसा न उलटणारी नाव करता येते का, हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे.

साधी लहान नाव अरुंद असते. चार माणसे एका बाजूला सरकली की काठ पाण्याला टेकतो, पाणी आत येते, आणि आत आलेले पाणीही त्याच बाजूला धावते. मग सावरायला वेळ कुठला!

मुंबईत गेट वे ऑफ इंडियापासून अलिबागजवळच्या मांडव्याला उतारू नेणाऱ्या काही नावा दोन पोटांच्या आहेत. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, अंतर ठेवून. वर एकच माळा. त्यांना कॅटमरान म्हणतात. शब्द तमिळ आहे : कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. तमिळ कोळ्यांचा तो ओंडक्यांचा तराफा. इंग्रजांनी त्याचे नाव या जोडनावेला देऊन टाकले. आपला ‘सांगड’ हा शब्द त्याहून नेमका. दोन होड्या किंवा दोन भोपळे एकत्र बांधले की झाली सांगड.

गुरुजी, हे वर्गात करून दाखवा. वाळलेला भोपळा उभा चिरून आतून कोरा. एक फाक घमेल्यातल्या पाण्यात सोडून काठावर खडा ठेवा, कलंडेल. आता दोन्ही फाका वीतभर अंतरावर ठेवून वरून दोन पऱ्हाट्या आडव्या बांधा. तोच खडा बाहेरच्या काठावर ठेवा. थोडी झुकेल, पण उभी राहील. दाबलेली फाक पाण्यात जितकी जाते तितके पाणी तिला जोराने वर रेटते, आणि पलीकडच्या फाकेचे वजन तोल धरते. पाय जोडून उभ्या माणसाला धक्का द्या आणि पाय फाकून उभ्याला द्या, तोच फरक.

पण सांगड म्हणजे कवच नव्हे. खडे वाढवत गेलात तर तीही बुडते. मांडव्याच्या कॅटमरानही भर पावसाळ्यात बंद ठेवतात. शेवटी एकाच फाकेत तांब्याभर पाणी ओता : सगळी सांगड तिकडे लवंडते. म्हणून चांगल्या कॅटमरानच्या प्रत्येक पोटात पाणी न शिरणारे वेगवेगळे कप्पे असतात; एक फुटला तरी बाकीचे तरतात.