जुना संगणक आणि हक्काची प्रणाली

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज 10’चा सर्वसाधारण आधार बंद केला. ‘विंडोज 11’च्या अटींत न बसणारी धडधाकट यंत्रे त्यामुळे एका निर्णयात ‘जुनी’ ठरली. कचेऱ्यांनी टाकलेली अशीच यंत्रे घाटकोपर, मुलुंडच्या वस्त्यांतील अभ्यासिकांच्या वाट्याला येतात. मग कुणीतरी चोरीची प्रत आणून चढवतो आणि सगळे निश्चिंत होतात.

येथे कायदा समजून घेतला पाहिजे. कॉपीराइट कायदा 1957च्या कलम 63 ‘बी’नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. पण गुन्हा तो गुन्हाच! आपल्या मुलांनी संगणकाचा पहिला धडा गुन्ह्याने का गिरवावा?

हक्काचा मार्ग उपलब्ध आहे. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखी पण मुक्त अशी ‘जीएनयू’ प्रणाली घडवण्याची घोषणा केली. 1991 साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपल्या घरच्या 386 संगणकासाठी ‘लिनक्स’चा गाभा लिहिला. 1992 पासून तो ‘जीपीएल’ परवान्याखाली आहे. या परवान्याने कॉपीराइट कायद्याचेच हत्यार उलटे फिरवले: वापरा, वाचा, बदला, वाटा, मात्र पुढच्यालाही हाच हक्क द्या.

मूळ लेखन खुले असल्यामुळे नव्वदच्या दशकात स्वयंसेवकांनी लिनक्स ‘अमिगा’, ‘अटारी’ या वेगळ्या प्रोसेसरच्या घरगुती संगणकांवर नेले. प्रोसेसरशी थेट बोलणारा भाग नव्याने लिहायचा, उरलेला त्या यंत्रासाठी पुन्हा संकलित करायचा, असे ते काम. आपल्या उपनगरातही असे काम झाले. पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या जुहूच्या एनसीएसटीने ‘इंडिक्स’द्वारे लिनक्सवर भारतीय भाषा आणण्याचे काम केले.

परंतु भ्रमात राहू नये. 2013 साली लिनक्सने 386चा आधार काढला. 2025 साली आलेल्या ‘डेबियन 13’ची 32 बिटच्या यंत्रांवर नव्याने स्थापना करता येत नाही. मग फरक काय? कंपनीने दार बंद केले की कुलूप तिच्या हाती असते. मुक्त प्रणालीत दार बंद होते ते राबणारे हात कमी पडल्यामुळे. हात मिळाले तेथे काम चालू आहे; अमिगाच्या प्रोसेसरसाठी स्वयंसेवक आजही डेबियन जिवंत ठेवून आहेत.

हक्क कागदावर असून भागत नाही, तो बजावणारी माणसे लागतात, हे आपल्या समाजाला कुणी शिकवण्याची गरज नाही. आपल्यात आज संगणक अभियंते आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार अभ्यासिकेला द्यावा. 64 बिटच्या यंत्रांवर हलक्या पडद्यासह डेबियन चढवावे, मराठी सुरू करावी आणि मुख्य म्हणजे हे सारे मुलांच्या हातून करून घ्यावे. यंत्र दानात आले असेल. त्यावरील प्रणाली मात्र हक्काची असली पाहिजे.