‘हो’ म्हणजे नेमके काय? परदेशी व्यापारातली न बोललेली भाषा

कोकणातल्या आपल्या गावांमधून आखाती देशांत कामाला जाण्याची लाट १९७०च्या दशकात तेलाबरोबर आली. आज त्याच घरांतली पुढची पिढी कमावती झाली आहे. आजोबा जहाजावर किंवा बांधकामावर होते, नातू दुबईच्या ऑफिसात बसून खरेदी-विक्रीचे ईमेल लिहितो. त्याचा मालक अरब, वरिष्ठ इंग्रज आणि माल पुरवणारा जपानी असू शकतो. पुण्याजवळ चाकणला तर जर्मन कंपन्या आपल्या दारातच आल्या आहेत. मुलाला इंग्रजी यावे, हिशेब यावा, कॉम्प्युटर यावा म्हणून आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. पण एक गोष्ट कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. समोरचा माणूस ‘हो’ म्हणाला, तर तो नक्की काय म्हणाला?

शब्दांत किती, शब्दांबाहेर किती?

एडवर्ड हॉल नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९५०च्या दशकात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्यांना शिकवत असत. भाषा शिकूनही हे अधिकारी परदेशात का अडखळतात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. ‘द सायलेंट लँग्वेज’ (१९५९) आणि ‘बियाँड कल्चर’ (१९७६) या पुस्तकांत त्यांनी या प्रश्नाचा विचार मांडला. काही समाजांत सांगायचे ते जवळजवळ सगळे शब्दांतच सांगितले जाते. जर्मन आणि अमेरिकन लोक साधारण असे. काही समाजांत मात्र अर्थ शब्दांपेक्षा नात्यात, वयात, आवाजात आणि गप्प बसण्यात जास्त असतो. जपानी, अरब आणि आपण या बाजूचे. पहिल्या पद्धतीला हॉल यांनी ‘लो कॉन्टेक्स्ट’ म्हटले आणि दुसरीला ‘हाय कॉन्टेक्स्ट’.

आपल्याला हे समजायला पुस्तकाची गरज नाही. पाहुणे आले की अम्मी नुसती नजर टाकते आणि मुलगी सरबत करायला उठते. लग्नाच्या बोलणीत समोरची मंडळी ‘घरात विचारून कळवतो’ म्हणाली, की ज्यांना समजायचे त्यांना समजते. दुकानदाराचा ‘बघू’ हा बहुतेक वेळा नकारच असतो. आपण या भाषेत वाढलो, म्हणून ती भाषा आहे हेच आपल्या लक्षात येत नाही. अडचण होते ती समोरचा दुसऱ्या भाषेत वाढलेला असतो तेव्हा.

एका उत्तराचे दोन अर्थ

नोव्हेंबर १९६९मध्ये जपानचे पंतप्रधान एइसाकु सातो वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना भेटले. जपानला ओकिनावा बेटे परत हवी होती. निक्सन यांना जपानी कापडाची आयात आवरायची होती, कारण निवडणुकीत त्यांनी अमेरिकेतल्या कापड गिरण्यांना तसा शब्द दिला होता. कापडाच्या प्रश्नावर सातो यांनी ‘झेन्शो शिमासु’ असे उत्तर दिल्याचे सांगितले जाते. शब्दशः अर्थ पाहिला तर ‘योग्य ते करू’. जपानी कानाला त्यात ‘फार आशा धरू नका’ हेही ऐकू येते. निक्सन यांनी मात्र ते वचन धरले. पुढे काही हालचाल दिसेना, तेव्हा आपल्याला फसवले अशी त्यांची भावना झाली. दोन मित्रराष्ट्रांत जवळपास दोन वर्षे कटुता राहिली. कापडाचा करार व्हायला ऑक्टोबर १९७१ उजाडला.

जपानी लोक बोलणे ऐकताना सारखे ‘हाइ’ म्हणतात. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘होय’ असा मिळतो. पण बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘ऐकतोय, पुढे बोला’ एवढाच असतो. उर्दू बोलणाऱ्या घरात हे लगेच कळेल. मोठे बोलत असताना आपण ‘जी, जी’ म्हणतो तेव्हा आपण सगळे मान्य करत नसतो, अदबीने ऐकत असतो. जपानी माणूस ‘हे जरा कठीण आहे’ म्हणाला, तर तो बहुधा नकार समजावा. शिवाय तिथे बैठकीत अचानक विरोध करणे बरे दिसत नाही. म्हणून बैठकीआधीच एकेकाला भेटून मत जमवतात. याला ‘नेमावाशी’ म्हणतात. झाड दुसरीकडे लावण्याआधी त्याच्या मुळांभोवती खणून घेतात, त्यावरून आलेला हा शब्द आहे.

रोखठोक म्हणजे उद्धट नव्हे

जर्मन सहकारी सर्वांसमोर म्हणेल, ‘हा आराखडा चुकला आहे.’ आपल्या मुलाला तो अपमान वाटतो. जर्मन माणसाच्या मनात मात्र काम वेगळे आणि माणूस वेगळा असतो. दुपारी तोच सहकारी शेजारी बसून मजेत जेवेल.

अमेरिकन आणि जर्मन दोघेही स्पष्ट बोलणारे, म्हणून ते एकसारखे, असेही नाही. वॉलमार्ट ही अमेरिकन कंपनी १९९७च्या अखेरीस जर्मनीत उतरली. प्रत्येक गिऱ्हाईकाकडे पाहून हसायचे, स्वागत करायचे, ही आपली रीत तिने तिथेही नेली. अनोळखी माणसाचे असे हसू अनेक जर्मन गिऱ्हाइकांना विचित्र वाटले. स्वस्त विकणारी स्थानिक दुकाने आणि जर्मन कामगार कायदे ही कारणे मोठी होतीच, पण परक्या रीतीची भर त्यात पडली. २००६मध्ये कंपनीने आपली ८५ दुकाने विकून जर्मनी सोडली.

इंग्रज साहेबाची गोष्ट आणखी निराळी. तो ‘व्हेरी इंटरेस्टिंग’ म्हणाला तर हुरळून जाऊ नये. कदाचित त्याला ते मुळीच पटलेले नसेल. थोडक्यात, इंग्रजी भाषा एकच असली तरी ती बोलणारे एकसारखे बोलत नाहीत. आणि एका देशातली सगळी माणसे एका साच्यातली नसतात, हेही विसरू नये.

कहवा आणि ‘इन्शाअल्लाह’

आखातात व्यवहाराआधी माणूस पाहतात. मजलिसमध्ये छोट्या कपात वेलचीचा कहवा येतो. पुरे झाला की कप हातात किंचित हलवून परत द्यायचा, नाहीतर वाढणारा पुन्हा ओततो. तिथे घराची, तब्येतीची विचारपूस होते. घाईने कागद पुढे करणारा माणूस त्यांना भरवशाचा वाटत नाही. युरोपातून आलेल्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण समोरचा त्याच वेळात त्याला जोखत असतो.

‘इन्शाअल्लाह’ या शब्दावरून तर परदेशी व्यवस्थापक नेहमी गोंधळतात. हा होकार की टाळाटाळ? दोष त्यांचा एकट्याचा नाही. या शब्दाचा मूळ आशय असा, की माझा इरादा पक्का आहे, तडीस नेणे अल्लाहच्या हाती. सूरह कहफमध्ये उद्याच्या कामाबद्दल बोलताना हीच शिकवण आहे. पण आपल्याच घरांत जायचे नसलेल्या दावतीलाही आपण ‘येऊ, इन्शाअल्लाह’ म्हणतो. ज्या शब्दाने इराद्याला वजन यावे, तोच नकारावरचा पडदा झाला. आणि व्यवहार नुसत्या तोंडी भरवशावर सोडू नये, हेही आपल्याला नवे नाही. सूरह बकराची २८२वी आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे, आणि तिचा विषय उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे हा आहे.

अदब जिवावर बेतते तेव्हा

२५ जानेवारी १९९०ची घटना. कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कला निघाले होते. हवा खराब होती, विमानतळावर गर्दी होती. विमानाला तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून अधिक काळ हवेत घिरट्या घालायला लावले. इंधन संपत आले. सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला ‘प्रायॉरिटी’ हवी म्हणून सांगितले, इंधन कमी असल्याचेही सांगितले. पण ‘इमर्जन्सी’ हा एक शब्द त्याने उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कॅप्टनने त्याला तसे सांगायला लावले, तरीही नाही. इंधनाचे सांगितलेस का, असे कॅप्टनने पुन्हा विचारले, तर ‘हो, सांगितले’ असे उत्तर मिळाले. नियंत्रकांना प्रसंगाचे गांभीर्य कळलेच नाही. इंजिने बंद पडून विमान लाँग आयलंडच्या टेकडीवर कोसळले. १५८ जणांपैकी ७३ जण गेले.

कारणे अनेक होती. पण इंधन संपण्यापूर्वी आणीबाणी जाहीर केली नाही, हे अमेरिकेच्या तपास यंत्रणेने मुख्य कारणांत नोंदवले. अधिकाराच्या जागी बसलेल्याला ठामपणे अडवू नये, या सवयीकडे अनेक अभ्यासकांनी नंतर बोट दाखवले.

आपल्या मुलांसाठी

ही सवय आपल्याला अनोळखी नाही. मी वर्गात ‘समजलं का?’ विचारते आणि चाळीस मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात. म्हणून ‘समजलं का?’ऐवजी ‘काय समजलं ते सांग’ असे विचारायला हवे. व्यापारातही तसेच. ‘माल गुरुवारपर्यंत पोहोचेल ना?’ याचे उत्तर कुठेही ‘हो’च येणार. ‘आज किती तयार आहे, किती बाकी आहे?’ असे विचारले, तर खरे उत्तर मिळते.

समजा, रत्नागिरीच्या व्यापाऱ्याने तीनशे पेट्या आंबा कबूल केला आणि अवकाळी पावसाने दोनशेच हाती आल्या. ही बातमी कळली त्याच दिवशी द्यावी. जर्मन गिऱ्हाइकाला सरळ आकडा आणि पुढची तारीख लिहून कळवावी. जपान्याला मोठ्या बैठकीत नव्हे, आधी आपल्या संबंधातल्या माणसाला एकट्याला सांगावी. दुबईच्या शेठला ईमेल धाडून मोकळे होऊ नये, फोन करावा, खुशाली विचारावी आणि मग सांगावी. रीत तिन्हीकडे वेगळी असली तरी बातमी एकच आणि खरी असावी. आणि प्रत्येक बोलण्यानंतर काय ठरले, कोणी करायचे, कधीपर्यंत, हे चार ओळींत लिहून दोन्हीकडे ठेवावे.

याची तयारी मात्र घरातच होते. ‘मला जमणार नाही’, ‘मला समजले नाही’ असे अदबीने सांगणाऱ्या मुलाला आपण उलट बोलतो म्हणून गप्प करतो. तोच मुलगा उद्या साहेबासमोर ‘येस सर’ म्हणेल आणि अडचण लपवील. मोठ्यांचा लिहाज शिकवायचाच. त्याबरोबर आज जेवणाच्या दस्तरखानावर मुलांना एवढे सांगावे, की अदबीने दिलेला नकार या घरात बेअदबी मानला जाणार नाही.