कॅसेटमधला आवाज वाचवताना

आपल्या घरोघरी जुन्या कॅसेट धूळ खात पडल्या आहेत. कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाच्या वडिलांचे भाषण. फितीला बुरशी लागली की तो आवाज धोक्यात येतो! म्हणून आम्ही वर्गणी काढून आठ चॅनेलचा ऑडिओ कन्व्हर्टर घेतला. चार डेक जोडले की चार स्टीरिओ कॅसेट एकदम संगणकात उतरतात.

पहिल्याच रात्री आम्ही फसलो. एका मावशींच्या आईच्या ओव्यांत सारखी टिकटिक! कन्व्हर्टर आणि संगणकाचा इंटरफेस, दोघेही आपापल्या घड्याळावर चालत होते. घड्याळ एकच हवे. कन्व्हर्टर ‘इंटरनल’वर ठेवला, इंटरफेस ‘एक्स्टर्नल’वर, टिकटिक थांबली. पण ती जीर्ण फीत दुसऱ्यांदा लावताना आमची छाती धडधडत होती. सुदैवाने ती तुटली नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका ऑप्टिकल केबलमधून ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनेल जातात, ९६ ला चारच. आम्ही २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवले. घरगुती डेकचा सिग्नल व्यावसायिक यंत्रापेक्षा कमी जोराचा असतो, म्हणून इनपुटचे बटण ‘उणे १०’वर ठेवावे, ‘अधिक ४’वर नाही. सर्वांत मोठा आवाजही मीटरवर शून्याच्या सहा-आठ डेसिबल खाली राहावा. शून्याला टेकला की आवाज फाटतो.

दुसऱ्या दिवशी मावशींनी डोळे मिटून ओव्या ऐकल्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

कॅसेट आणताना तिच्यावर नाव, गाव, साल अवश्य लिहा. आवाज आम्ही उतरवू; तो कुणाचा, हे मात्र तुम्हीच सांगायचे.