बर्फातला ‘कापसाचा गोळा’: शिमाएनागा इतका गोल का दिसतो आणि त्याचा फोटो काढताना काय जपायचं?

थंडी सुरू झाली की इन्स्टाग्रामवर एक पक्षी हमखास दिसतो. पांढराशुभ्र, गोलमटोल, दोन काळे ठिपक्यांसारखे डोळे आणि इवलीशी चोच. कुणाला तो कापसाचा गोळा वाटतो, कुणाला उकडीचा मोदक. ‘हा खरा आहे की एआयने बनवलाय?’ हा प्रश्नही ठरलेलाच.

पक्षी खरा आहे. त्याचं नाव शिमाएनागा. पण ज्या गोलपणामुळे त्याला लाखो लाइक्स मिळतात, तो गोलपणा म्हणजे त्याची थंडीशी चाललेली झुंज आहे.

शिमाएनागा म्हणजे नेमका कोण?

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर राहणारी ही लांब शेपटीच्या टिट पक्ष्याची उपजात. जपानीत ‘शिमा’ म्हणजे बेट आणि ‘एनागा’ हे लांब शेपटीच्या टिटचं नाव. जपानच्या इतर भागांतल्या एनागाच्या डोळ्यांवर काळा पट्टा असतो. होक्काइदोतल्या प्रौढ पक्ष्याचं डोकं मात्र पूर्ण पांढरं असतं. म्हणूनच तिथे त्याला ‘बर्फाची परी’ म्हणतात.

लांबी साधारण 14 सेंटीमीटर, त्यातली जवळपास निम्मी शेपटीच. वजन जेमतेम 8 ग्रॅम, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढं. व्हायरल फोटो बहुतेक समोरून काढलेले असतात. त्यामुळे काळी शेपटी आणि पंख मागे लपतात आणि उरतो फक्त पांढरा गोळा.

मग तो इतका गोल का?

थंडीत पक्षी पिसं फुलवतो. पिसांमध्ये हवा अडकते आणि तिच्यामुळे अंगातली ऊब बाहेर जात नाही. रजईचं काम असंच चालतं. उन्हाळ्यात हाच पक्षी बराच सडपातळ दिसतो.

शरीर जितकं लहान, तितकी उष्णता लवकर निघून जाते. त्यात डिसेंबरअखेर साप्पोरोमध्ये सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो. दिवस जेमतेम नऊ तासांचा आणि रात्र पंधरा तासांची. या नऊ तासांत किडे, त्यांची अंडी, कोळी असं जे मिळेल ते खाऊन रात्रीपुरती ऊर्जा साठवायची. रात्री हे पक्षी फांदीवर एकमेकांना चिकटून, रांगेत बसून झोपतात.

म्हणजे फोटोसाठी त्याला विनाकारण उडवलं, तर खाण्याचा वेळही जातो आणि साठवलेली ऊर्जाही.

बर्फात फोटो काळपट का येतो?

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम करडं आहे असं धरून प्रकाश मोजतो. समोर सगळा बर्फच असेल तर तो फोटो अंधारा करतो आणि बर्फ राखाडी दिसतो. त्यामुळे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +1 पासून सुरू करायचं आणि गरजेनुसार +2 पर्यंत न्यायचं. हिस्टोग्रामवर नजर हवी, नाहीतर पांढऱ्या पिसांचे बारकावेच उडून जातात. मोबाइलवर पक्ष्यावर टॅप करून ब्राइटनेस थोडा वाढवला तरी फरक पडतो.

हे पक्षी एका फांदीवर फार टिकत नाहीत. म्हणून शटर स्पीड 1/1000 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावा. फोकस डोळ्यावर. बर्फ पडत असेल तर ऑटोफोकस पुढच्या कणांवर अडकतो, अशा वेळी छोटा फोकस पॉइंट कामी येतो.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे जादाची बॅटरी आतल्या खिशात ठेवायची. आणि उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत घालायचा. नाहीतर थंड लेन्सवर लगेच दव साचतं.

फोटो हवा, पण किती जवळून?

पक्ष्याचं वागणं हेच उत्तर. तो खाणं थांबवून तुमच्याकडे पाहू लागला, सतत आवाज देऊ लागला किंवा जागा बदलू लागला, तर तुम्ही जास्त जवळ गेलात. मागे सरकायचं. 400 ते 600 मिलीमीटरची लेन्स याचसाठी असते. ती नसेल तर फ्रेममध्ये पक्षी लहान आणि बर्फाळ झाड मोठं, असाही फोटो सुंदर येतो.

मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही. त्याला तो दुसऱ्या पक्ष्याचा आवाज वाटतो आणि तो खाणं सोडून त्याच्या मागे लागतो. फांद्या तोडून ‘क्लीन फ्रेम’ करायची नाही. पोस्ट करताना झाडापर्यंतचं लोकेशनही टाकायचं नाही. एका माणसाने पक्षी एकदा उडवला तर तो सावरतो. पण दिवसभर माणसं येत राहिली तर त्याचे नऊ तास त्यातच जातात.

आपल्याकडे असा पक्षी आहे का?

शिमाएनागा भारतात नाही, पण त्याचा जवळचा नातेवाईक हिमालयात आहे: ब्लॅक-थ्रोटेड टिट. तोही इवलासा आणि थव्याने फिरणारा. हिवाळ्यात उत्तराखंडला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना तो दिसू शकतो. तिथेही नियम हेच: एका जागी शांत उभं राहायचं आणि थव्याला आपल्याकडे येऊ द्यायचं.